मारुती ८०० ला घरीच रंग: सामान-खरेदी आणि कामाच्या नोंदी

८ डिसेंबर २०२४

गाडी अंगणात घेऊन आज चारी बाजूंनी तपासली. २००५ ची मारुती ८००, पांढरी. इंजिनाची तक्रार नाही. पत्रा मात्र हळूहळू जात आहे: दोन्ही दारांच्या खालच्या कडा, मागच्या चाकांवरच्या कमानी आणि डिक्कीचं झाकण, जिथे रबराखाली पाणी साचतं. बोनेटवर हात फिरवला की बोटांना पांढरी भुकटी लागते, म्हणजे उन्हाने वरचा रंग मेला आहे. २०२० मध्ये नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून घेतली होती, ती मुदत पुढच्या वर्षी संपते. आईला सेवाग्रामच्या दवाखान्यात न्यायला-आणायला हीच गाडी आहे. हिला अजून बरीच वर्षं चालवायचं ठरलं आहे, तर पत्रा वाचवलाच पाहिजे.

एक रुपयाही खर्च करण्याआधी दोन गोष्टी पाहून घेतल्या. पहिली, आत्ता गाडीवर कोणता रंग आहे. काळी सुती चिंधी थिनरमध्ये भिजवून दाराच्या आतल्या चौकटीवर मिनिटभर घासली. चिंधी काळीच राहिली, म्हणजे तिथला कंपनीचा भट्टीत भाजलेला रंग शाबूत आहे. तीच चिंधी डाव्या पुढच्या मडगार्डवर घासली तर पांढरा लगदा हातात आला. हे मडगार्ड मागे कधीतरी ठोकून रंगवलेलं आहे आणि त्यावर एनसी, म्हणजे नुसतं थिनर उडून सुकणारा स्वस्त रंग आहे. असल्या रंगावर थेट पीयू, म्हणजे हार्डनर मिसळून कडक होणारा पॉलियुरेथेन रंग, मारला तर खालचा थर फुगून वर सुरकुत्या येऊ शकतात. हे मडगार्ड पत्र्यापर्यंत खरवडायचं, हे आजच वहीत लिहून ठेवलं.

दुसरी गोष्ट रंगाचा कोड. बोनेट उघडून आतल्या पट्टीवरची धूळ पुसली: २६यू, म्हणजे सुपीरियर व्हाइट. पांढरा पांढराच ठेवणार आहे. रंग बदलला की आरसी बुकात नोंद करून घ्यावी लागते, आरटीओची ती चक्कर नको.

रंग लगेच मारायचा नाही. आमच्या हिंगणघाट भागात सध्या कापसाचे दिवस आहेत. वेचणी सुरू, जिनिंगा सुरू, रस्त्याने कापसाच्या गाड्या, आणि हवेत सतत बारीक तंतू. ओल्या रंगावर तंतू बसला की तो काढता येत नाही. त्यानंतर तुरीची मळणी, तिचा भुसा. मार्चअखेरपासून ऊन असं तापतं की रंग पत्र्यावर टेकायच्या आधीच सुकायला लागतो. पावसाळ्याचा विचारच नको. हिशेब करता फेब्रुवारीचा मधला भाग तेवढा हाती उरतो. तोवर खरेदी आणि घासाई.

१५ डिसेंबर

हिंगणघाटच्या रंगाच्या दुकानात तासभर बसलो. विकत काहीच घेतलं नाही, फक्त विचारलं. दुकानदार जुना आणि समजूतदार माणूस आहे. त्याचं म्हणणं, "एनसी मारून टाका ना भाऊ, सस्त्यात होते. अर्ध्या तासात हात लावा."

"अन् पेट्रोल सांडलं तं?"

"मंग तं निघनच. पन रोज कोन सांडवते?"

मुद्दा इथेच आहे, म्हणून सविस्तर लिहून ठेवतो. एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज, नुसतं थिनर उडून सुकतं. आत कसलीही रासायनिक क्रिया होत नाही, त्यामुळे पुन्हा थिनर किंवा पेट्रोल लागलं की ते पुन्हा मऊ होतं. उन्हात चमकही लवकर जाते, दमट हवेत मारलं तर वर पांढरट धुकं धरतं. त्याची सोय अशी की मारायला सोपं, चुकलं तर घासून पुन्हा मारता येतं, आणि त्यात हार्डनर लागत नाही. पीयू दोन डब्यांचं असतं: एकात रंग, दुसऱ्यात हार्डनर. दोन्ही मिसळले की क्रिया सुरू होते आणि थर एकजीव होऊन कडक होतो. मग त्याला पेट्रोल सहजासहजी विरघळवत नाही. विदर्भाच्या उन्हात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीला पीयूच पाहिजे, असं माझं मत पक्कं झालं. साधा पांढरा असल्याने एकाच थरात रंग आणि चमक दोन्ही मिळतात. मेटॅलिक असता तर आधी बेस, मग वरून पारदर्शक क्लिअर, म्हणजे सामान आणि कष्ट दोन्ही वाढले असते.

पण पीयूबरोबर हार्डनर येतो, आणि हार्डनरबरोबर वेगळी जबाबदारी येते. म्हणून रंगाची खरेदी सगळ्यात शेवटी, आणि पहिली खरेदी मास्कची.

२२ डिसेंबर

नागपूरहून मास्क आणला. अर्ध्या चेहऱ्याचा, रबरी, दोन बाजूंना काडतुसं असलेला. सेंद्रिय वाफांसाठीची काडतुसं आणि त्यांच्यावर बारीक थेंब अडवणारं फिल्टर, असा जोड घेतला. काडतुसं बंद पाकिटातली, तारीख पाहून. ती पाकिटं रंगाच्या दिवसापर्यंत फोडायची नाहीत, कारण उघड्या हवेतही त्यांच्यातला वाफ शोषणारा कोळसा आपलं काम करत राहतो आणि संपतो. सोबत चारी बाजूंनी बंद चष्मा, नायट्राइलचे हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा अंगरखा.

घरी भावाने विचारलं, "कोरोनातले मास्क पडले आहेत ना घरी, येवढा खर्च कायले?" त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितो. कापडी मास्क किंवा एन-९५ धूळ अडवतो, थिनरची वाफ अडवत नाही. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. १९८४ साली भोपाळमध्ये सुटलेला वायू, मिथाइल आयसोसायनेट, याच जातीचा. हार्डनरमधलं रसायन वेगळं आहे, ते तसं झपाट्याने हवेत उडत नाही. पण गनमधून त्याचं धुकं होतं आणि ते थेट फुफ्फुसात जातं. एकदा शरीराने त्याची धास्ती घेतली की पुढे थोड्याशा संपर्कानेही दमा उसळतो. त्याहून वाईट म्हणजे त्याला भरवशाचा वास नाही. काडतूस संपलं तर नाकाला कळत नाही. म्हणूनच व्यवसाय करणाऱ्यांसाठी बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क सांगतात. मी एकच गाडी करणार, तीही उघड्यावर, नवी काडतुसं लावून, वाऱ्याकडे पाठ ठेवून. ज्याला हेही जमणार नाही त्याने घरी पीयू मारू नये. एनसी मारावा, नाहीतर गाडी गॅरेजात द्यावी. एनसीलाही वाफेचा मास्क लागतोच.

आपल्या भागात हे वेगळं समजावून सांगायची गरज पडू नये. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले. उघड्या अंगाने फवारा घेण्याचा अर्थ काय होतो, हे गावागावाला माहीत आहे. भाऊ पुढे काही बोलला नाही.

५ जानेवारी २०२५

गंज काढणं सुरू. ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून दारांच्या कडा मोकळ्या केल्या. उजव्या दाराखाली पत्रा चाळणी झाला होता, तिथे वेल्डिंगवाल्याकडून नवी पट्टी बसवून घेतली. भोकावर नुसती मेटल पेस्ट, म्हणजे खड्डे भरायची लुकण, थापली की पहिल्या पावसात मागून पाणी शिरतं आणि वर्षभरात सगळं फुगून येतं, म्हणून तो मार्ग विचारातही घेतला नाही. खड्ड्यांतल्या उरलेल्या गंजावर फॉस्फोरिक आम्लाचं रस्ट कन्व्हर्टर लावलं. गंज काळा पडला, तो धुऊन, सुकवून, उघड्या पत्र्यावर गंज रोखणारं अस्तर, इपॉक्सी प्रायमर. हे दोन डब्यांचं असतं, अर्धा लिटर पुरलं. डाव्या मडगार्डवरचा एनसी पूर्ण उतरवला.

१२ जानेवारी

मेटल पेस्ट. एक किलोचा डबा, सोबत हार्डनरची छोटी ट्यूब. प्रमाण वजनाने शंभराला दोन-तीन. थंडी आहे म्हणून लवकर सुकावी यासाठी ट्यूब जास्त पिळायचा मोह होतो, पण ज्यादा हार्डनर पुढे वरच्या रंगातून डाग होऊन वर येतो, आणि पांढऱ्यावर तो लपत नाही. काचेच्या तुकड्यावर पत्तीने मळून घेतो. हार्डनरची लाल रेघ कुठेही न राहता सगळा गोळा एकाच छटेचा झाला की लावायला घ्यायची. थर पातळ, एकावर एक. जाड लावली की आत हवेचे फुगे राहतात आणि घासताना टाचणीच्या टोकाएवढी भोकं उघडी पडतात.

पेस्ट कोरडीच घासायची. ती पाणी शोषते, आणि ते पाणी आत राहून गंज धरतं. आधी ८० नंबरचा घासकागद, मग १२०, मग १८०, लाकडी ठोकळ्याला गुंडाळून. नुसत्या बोटांनी घासलं तर बोटांच्या दाबाच्या सऱ्या पडतात, आणि त्या चमक आल्यावरच दिसतात. डोळ्यांवर भरवसा नाही. डोळे मिटून तळहात आडवा फिरवला की उंचवटा बरोबर कळतो.

१९ जानेवारी

आज हवेचा प्रश्न. नवा कॉम्प्रेसर घेणं परवडत नाही. फाट्यावरच्या पंक्चरवाल्याकडे दोन हॉर्सपॉवरचा आहे, तो एका दिवसासाठी द्यायला तयार आहे. मी म्हटलं, आधी हवा तपासू. "माह्या हवेत तेल कुठचं आलं?" असं तो म्हणाला, पण मना केलं नाही. पांढरा कोरा कागद पाइपच्या तोंडासमोर धरून दोन मिनिटं हवा सोडली. कागदावर पिवळसर बारीक ठिपके उमटले, टाकीखालचा कॉक उघडला तर तांबूस पाणी निघालं. टायरला ही हवा चालते. रंगाला चालत नाही: तेलाचा एक थेंब गेला की तिथे रंग बाजूला सरतो आणि माशाच्या डोळ्यासारखा गोल खड्डा राहतो.

उपाय म्हणून तेल-पाणी अडवणारा फिल्टर आणि रेग्युलेटर विकत घेतला. फिल्टर कॉम्प्रेसरला चिकटून लावायचा नाही. हवा तिथे गरम असते, पाणी वाफेच्या रूपात तसंच पुढे निघून जातं. मध्ये दहा मीटर पाइप सोडला की हवा थंड होते, पाणी सुटतं आणि मग फिल्टर ते धरतो. हे बसवून पुन्हा कागद धरला, कोरा राहिला. कॉम्प्रेसरच्या पिस्टनच्या रिंगा बहुतेक गेल्या आहेत, हेही पंक्चरवाल्याला सांगितलं.

गन साधी, वर कप असलेली, १.४ नोझलची. सरफेसरसाठी, म्हणजे रंगाआधीच्या जाड अस्तरासाठी, वेगळं १.७ चं नोझल. कमी दाबाची पण हवा फार खाणारी एचव्हीएलपी गन या कॉम्प्रेसरला झेपणार नाही. गावात विजेचं असं आहे की शेतीपंप सुरू झाले की व्होल्टेज पडतं आणि मोटर नुसती गुणगुणते. आठवडाभर मीटर लावून पाहतो, कोणत्या वेळी किती मिळतं.

२६ जानेवारी

छोटं सामान. यातच लोक पैसे वाचवतात, आणि यातच काम बिघडतं.

वॉटर पेपर, म्हणजे पाणी लावून घासायचा कागद, चांगल्या कंपनीचा घ्यावा. हलक्या पेपरचे दाणे पाण्यात सुटतात, आणि ४०० च्या कागदातला एकच मोठा दाणा सगळ्या दारावर ओरखडा ओढतो. घेतले: ३२०, ४००, ६००, ८००, आणि शेवटासाठी १५०० व २०००. सर्वांत जास्त ४०० लागतो, त्याचा पूर्ण गठ्ठाच घेतला.

मास्किंग टेप घराच्या रंगकामाची नको, गाडीची वेगळी मिळते. साधी टेप दोन दिवस गाडीवर राहिली की उन्हाने तिचा गोंद काचेवर बसतो. काचा झाकायला वर्तमानपत्रं फुकट मिळतात, पण पातळ कागदातून थिनर झिरपतो, शाई उतरते, कडेचे तंतू सुटतात. खाकी कागदाचा रोल घेतला. रंग गाळायच्या कागदी चाळण्या, मापाच्या रेघा असलेले प्लॅस्टिक कप, धूळ टिपायचं चिकट कापड म्हणजे टॅक रॅग, वॅक्स-ग्रीस काढायचं द्रावण. हे द्रावण आमच्याकडे कोणी वापरत नाही, रॉकेलच्या बोळ्याने पुसतात. रॉकेल मागे तेलकटपणा ठेवतं.

२ फेब्रुवारी

सरफेसर मारला, दोन हात. सुकल्यावर वरून काळ्या रंगाची अगदी विरळ धूळ उडवली आणि ४०० ने पाणी लावून घासलं. जिथे काळं राहिलं तिथे खड्डा, जिथे झटकन पत्रा उघडा पडला तिथे उंचवटा. मागच्या उजव्या कमानीवर रुपयाएवढा काळा ठिपका हटेना, तिथे पुन्हा पेस्ट, पुन्हा सरफेसर. शेवटी ६०० आणि ८००.

९ फेब्रुवारी

आज रंग घेतला, नागपूरला. कोड सांगितला, दुकानदाराने संगणकावर सूत्र काढून काट्यावर थेंब थेंब मोजत रंग बनवला. सोबत पेट्रोलच्या टाकीचं झाकण नेलं होतं. त्याची आतली बाजू उन्हापासून वाचलेली असते, तिच्यावर ठिपका सुकवून पाहिला. एकच पांढरा असं काही नसतं. कोणता पिवळसर, कोणता निळसर, आणि दार उघडल्यावर आतली चौकट जुनी व बाहेरचं दार नवं असा फरक डोळ्यांत भरतो. दोन लिटर रंग एकाच वेळी बनवून घेतला. तो म्हणाला, "पुरा एकदम घ्या भाऊ, दुसऱ्यांदा बनवला तं शेडमंदी उन्नीस-बीस होईनच."

रंग, हार्डनर आणि पीयू थिनर तिन्ही एकाच कंपनीचे, एकाच मालिकेतले, आणि त्यांचं माहितीपत्रक मागून घेतलं. कोणाचं प्रमाण दोनास एक असतं, कोणाचं चारास एक, त्यामुळे एकाचा हार्डनर दुसऱ्याच्या रंगात घालता येत नाही. आमच्या पत्रकात दोनास एक आहे, वर दहा ते वीस टक्के थिनर. सुटा थिनर प्लॅस्टिकच्या बाटलीत भरून स्वस्तात मिळतो. त्यात काय आहे ते कोणालाच ठाऊक नसतं, तो गन धुवायला ठीक आहे, रंगात नाही. थिनर संथ उडणारा मागितला, कारण दुपारी पारा तिशीच्या पुढे जायला लागला आहे. हार्डनरचे डबे अर्ध्या लिटरचे दोन घेतले. एकदा उघडला की हवेतली ओल शोषून तो गढूळ होतो आणि फुकट जातो. डबा हलवून, तारीख पाहून, सील पाहून घेतला. पक्कं बिल, १८ टक्के जीएसटीसह.

हे ज्वालाग्राही सामान एसटीत नेता येत नाही. जाम मार्गे येणाऱ्या ओळखीच्या पिकअपमधून, डबे उभे बांधून आणले.

१६ फेब्रुवारी

रंगाचा दिवस. कडुलिंबाची पानगळ सुरू झाल्याने गाडी झाडाखालून काढून बांबू आणि ताडपत्रीच्या मांडवात घेतली, बाजू उघड्या. पहाटे आईने अंगणात दाट शेणसडा घातला, धूळ पूर्ण बसली. शेजाऱ्यांना आदल्या दिवशीच सांगितलं होतं की दुपारपर्यंत पऱ्हाटी, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्या, पेटवू नका. धुराची राख नको आणि थिनरजवळ आग तर नकोच. चूल बंद, लहान पोरं मामाकडे.

दव उडेपर्यंत थांबलो. साडेनऊला पत्रा हाताला कोरडा लागला. व्होल्टेजही याच वेळी सर्वांत स्थिर असतं, हे मीटरने दाखवलं होतं. द्रावणाने पुसलं, टॅक रॅग फिरवली, नवी काडतुसं मास्कला लावली. काडतुसांची तोंडं तळहातांनी झाकून श्वास ओढला, मास्क चेहऱ्याला चिकटला. त्यासाठी दाढी सकाळीच केली होती. केस मध्ये आले की फट राहते.

पहिला हात हलका. गन पत्र्यापासून वीतभर, सरळ रेषेत, मनगट न वळवता. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्याच्या अर्ध्यावर चढवायचा. आधी दारांच्या चौकटी आणि कडा, मग छत, मग बोनेट, शेवटी बाजू. पत्रकाप्रमाणे दहा-पंधरा मिनिटं थांबून दुसरा हात, हा भरून. उजेड तिरका पडतो तिकडे पाहत राहायचं: गनच्या मागे ओली चकाकी पसरत गेली पाहिजे. ती कोरडी, खरखरीत दिसली तर गन लांब आहे किंवा चाल वेगवान. ती जड होऊन हलायला लागली तर ओघळ येणार. उभ्या बाजूंवर याची भीती जास्त, तिथे दोन जाड हातांऐवजी तीन पातळ दिले. कप एका वेळी अर्धाच भरत होतो. मिसळलेला माल काही तासांत घट्ट होतो आणि उन्हात त्याहून लवकर.

बाराच्या आत काम संपलं. गन लगेच धुतली. संध्याकाळी किडे पांढऱ्यावर येतात, तोवर रंगाने हात धरला होता. मांडवात कोणाला जाऊ दिलं नाही.

२३ फेब्रुवारी

रंग पक्का. छत आणि बोनेट उत्तम बसलं आहे. डाव्या दाराच्या खालच्या अर्ध्या भागात संत्र्याच्या सालीसारखा दाणा आहे, तो १५०० आणि मग २००० च्या पेपरने भरपूर पाण्यात काढला, नंतर चमक आणायला घासायचं कंपाउंड. कडांवर टेप लावून मगच घासलं, कारण कडेला थर पातळ असतो आणि तिथून सरफेसर लगेच डोकावतो. मेणाचं पॉलिश इतक्यात नाही. आतला थिनर पूर्ण निघायला महिना-दोन महिने द्यायचे. तोवर नुसतं पाणी आणि मऊ कापड.

उरलेला रंग दगडांच्या चिपांच्या डागांसाठी छोट्या काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवला. उघडलेला हार्डनर ठेवला नाही. उरलेल्या रंगात मिसळून जुन्या पत्र्याच्या डब्यात पूर्ण कडक होऊ दिला, मग टाकला. नाल्यात किंवा विहिरीजवळ काहीही ओतलेलं नाही. थिनरच्या चिंध्या मोकळ्या जागी पसरून सुकवल्या, गोळा करून ठेवल्या तर पेट घेऊ शकतात.

९ मार्च

आज काकांनी ट्रॅक्टरचं बोनेट दाखवलं, त्यांनाही तसंच करून हवं आहे. फिल्टर, गन, चाळण्या आणि चांगले उरलेले पेपर आहेत. काडतुसं मात्र नवी लागतील आणि ती त्यांनी आधी आणायची, असं ठरलं. रंग पाहायला त्यानंतर जाऊ. सायलेन्सरजवळच्या भागाला उष्णता सोसणारा वेगळा रंग लागेल. चण्याची मळणी अजून आटपायची आहे, आणि ऊन चढत चाललं आहे. वीस-बावीस मार्चपर्यंत घासाई झाली तर पहाटेच्या गारव्यात मारता येईल. नाही झाली तर बोनेटला प्रायमर लावून ठेवायचं, त्यावरून ताडपत्री, आणि रंग पुढच्या फेब्रुवारीत.